घरात कॉफी दळायला छोटा इलेक्ट्रिक ग्राइंडर: पात्याचा घ्यावा की जात्याचा?

रामबागची_सून · मंगळवार, सकाळी ६.५०
नमस्कार मंडळी. आमच्या घरी रोज पहाटे साडेपाचला कॉफी दळली जाते. सासरे नोकरीनिमित्त एकोणीस वर्षं हुबळीला होते. तिथून इंदूरला परतताना त्यांनी दोन वस्तू जिवापाड जपून आणल्या: पितळी फिल्टर आणि टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचा, हाताने फिरवायचा बिडाचा ग्राइंडर. ग्राइंडर आजही ठणठणीत आहे, पण बाबांचा उजवा अंगठा आता साथ देत नाही. संधिवात आहे. मागच्या आठवड्यात मी लवकर उठले तर ते डाव्या हाताने मूठ फिरवत होते आणि उजव्या कोपराने टेबल दाबून धरलं होतं. मी दळते म्हटलं तर म्हणाले, "तू झोप, तुला दिवसभर काम आहे."

म्हणून छोटा इलेक्ट्रिक ग्राइंडर घ्यायचाय. जेल रोडला तीन दुकानं फिरले. एकाने पात्याचा दाखवला, "दीदी, इसमें सब पिस जाएगा, कॉफी, मसाला, अलसी." दुसऱ्याकडे जात्यासारखा, ज्याला ते बर ग्राइंडर म्हणतात, तो होता, किंमत चौपट. फरक कोणी नीट सांगेल का? कॉफी पिणारे दोघं, एका वेळी २०-२५ ग्रॅम, फक्त फिल्टर कॉफी. आवाजाचाही प्रश्न आहे, शेजारच्या खोलीत जावेचं आठ महिन्यांचं बाळ झोपतं.

सकाळची_पाळी · ७.१५
मिक्सरचं चटणीचं भांडं आहे ना? मी बारा वर्षं तेच वापरतोय. थांबून थांबून फिरवायचं, झालं. उगाच खर्च करू नका ताई.

इंदूरी_आत्या · ७.३२
आणि कॉफीला लसणाचा वास आला की मग? आमच्याकडे दाण्याची चटणी वाटलेल्या भांड्यात मुलाने कॉफी दळली होती. भांडं दोनदा घासलेलं होतं, तरी झाकणाच्या रबरात वास राहिला होताच. ती कॉफी कोणाच्याही घशाखाली उतरली नाही. कॉफीत तेल असतं गं, आणि तेल वास धरून ठेवतं. काहीही घे, पण ते कॉफीसाठी वेगळंच ठेव. "सब पिस जाएगा" हे खरं असलं तरी सगळं त्यात पिसायचं नाही.

भरडधान्य · ९.०५
सूनबाई, तुम्ही जातं हा शब्द वापरलात, तिथेच अर्धं उत्तर आहे.

पात्याच्या ग्राइंडरमध्ये दाणे दळले जात नाहीत, फुटतात. खाली पातं गरगरतंय, वर दाणे उडतायत, ज्याला पातं लागलं तो फुटला. काही दाण्यांना दहा वेळा लागतं, त्यांची धूळ होते. काही वरच्या वर राहतात, त्यांचे तुकडेच. जितका वेळ फिरवाल तितकं बारीक, पण सारखं कधीच होत नाही. जात्यात तसं नाही. दोन दातेरी चकत्या किंवा एक शंकू आणि त्याभोवतीचं कडं असतं. त्यांच्यामधल्या फटीतून जाण्याइतका बारीक झाल्याशिवाय दाणा खाली पडूच शकत नाही. फट कमी-जास्त करायची, म्हणजे आजी जात्याखाली चिंधीची घडी सारून पीठ जाड-बारीक करायची, तेच.

आता सारखं दळण का हवं? गरम पाणी धुळीतून सगळं काढून घेतं, कडूपणासकट. जाड तुकड्यांच्या गाभ्यापर्यंत ते पोचतच नाही, त्यातून आंबट, पाणचट चव येते. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही लागलं की समजावं, दळण्यात घोळ आहे.

खात्री करायची तर मिक्सरमध्ये दळलेली कॉफी मैद्याच्या चाळणीतून चाळा, मग वरचं रव्याच्या चाळणीतून. मी केलंय. ताटात तीन वेगवेगळे ढीग पडतात: बेसनासारखी पूड, मधला रवा आणि लापशीच्या दलियाएवढे तुकडे. तीन ढिगांची तीन कॉफी झाली, आणि आपण ती एकाच फिल्टरमध्ये घालतो.

सकाळची_पाळी · ९.२०
चाळून घ्यायची की मग! पूड काढून टाकायची, तुकडे परत फिरवायचे.

भरडधान्य · ९.२६
पहाटे साडेपाचला, दुखऱ्या अंगठ्याने?

लष्करकर · १०.४०
ग्वाल्हेरहून. मी सकाळची_पाळी यांच्या बाजूने. आमच्या घरी जानेवारीच्या थंडीत जी कॉफी होते ती अर्धं दूध, दोन चमचे साखर, वरून जायफळ. आईची कॉफी अशीच होती, माझीही अशीच आहे. तिच्यात दाणे एकसारखे आहेत की नाहीत हे कळणार कोणाला? ज्यांना काळी कॉफी चाखत प्यायची आहे त्यांनी जातं घ्यावं. दुधाच्या कॉफीला पात्याचा भरपूर झाला.

जायफळ मात्र ग्राइंडरमध्ये कधीच घालू नका. ते तेलकट असतं, चिकटून बसतं. बारीक किसणीवर किंवा सहाणेवर दोन वळसे, बास.

इंदूरी_आत्या · १०.५२
जायफळाला माझा जोरदार पाठिंबा. आणि वेलदोड्याचं साल टाकू नका, दुधात उकळा.

शिप्राकाठ · ११.१०
लष्करकर, जायफळाच्या कॉफीबद्दल वाद नाही, पण फिल्टरचं गणित निराळं आहे. तिथे चवीच्या आधी काढा, म्हणजे पुडीतून झिरपलेली घट्ट कॉफी, फिल्टरच्या छिद्रांतून खाली उतरण्याचा प्रश्न येतो. पूड जास्त झाली की ती छिद्रांवर बसते आणि थेंब पडायचे थांबतात. मग लोक वरून झाकण ठोकतात, फिल्टर हलवतात, चमच्याने उकरतात. फार जाड झालं तर पाणी पाच मिनिटांत सरळ खाली जातं आणि काढा चहासारखा पातळ. फिल्टरला दळण हवं बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक. चिमटीत धरून चोळलं की खरखर लागली पाहिजे, पण कण वेगळा मोजता येता कामा नये. सारखं दळलं असेल तर १५-२० मिनिटांत काढा थेंब थेंब उतरतो, घट्ट आणि काळाभोर.

मोटरवाले_काका · दुपारी १२.३०
मी तीस वर्षं मोटर वाइंडिंगचं काम केलंय, म्हणून यंत्राच्या बाजूने सांगतो.

घरच्या मिक्सरची मोटर मिनिटाला १८-२० हजार फेरे घेते. पात्याचे छोटे ग्राइंडरही त्याच जातीचे. त्या वेगाने उष्णता होते आणि कॉफीचा वास भांड्यातच उडून जातो. झाकण उघडल्यावर जो घमघमाट येतो तो कपात येणार नसतो, हे लक्षात ठेवा. शंकूच्या जात्याचे चांगले ग्राइंडर मिनिटाला पाचशेच्या आसपास फिरतात, म्हणून दळण थंड राहतं.

दुसरं, खालची पट्टी वाचा. छोट्या यंत्रांवर "१ मिनिट" असं काही छापलेलं असतं. म्हणजे सलग तेवढंच चालवायचं आणि मग थंड होऊ द्यायचं. लोक मसाल्याच्या नादात तीन-तीन मिनिटं चालवतात आणि जळका वास आला की माझ्याकडे यायचे. वाइंडिंगचं वार्निश जळल्याचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर ओळखता येतो. मोटर आपोआप बंद पडली तर ती बिघडली असं समजू नका, आतला कटआउट पडतो. अर्धा तास थांबा, तळाला लाल बटण असेल तर दाबा.

तिसरं, मुलं अमेरिकेहून ग्राइंडर आणतात. तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. पिन बदलणारा अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. आमच्या गल्लीत एकांनी मुलाने आणलेला सुंदर ग्राइंडर तसाच लावला. चार सेकंद तो फार जोरात फिरला, मग कधीच फिरला नाही. आणायचाच असेल तर २३० व्होल्टचा मागवा, नाहीतर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तोही यंत्राच्या वॅटपेक्षा चांगल्या दुप्पट ताकदीचा.

रामबागची_सून · १.०५
काका, खूप आभार. माझा दीर अमेरिकेत आहे आणि तो पाठवतो म्हणतच होता! त्याला हे जसंच्या तसं कळवते.

दांडियाबाजार · २.४५
बडोद्याहून. चिकोरीबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या गुजरातेत चिकोरी पिकते, उत्तर प्रदेशातही. ती मुळी असते, भाजून कॉफीत मिसळतात, कॅफीन तिच्यात नसतं. हुबळीत राहिलेल्या माणसाला बहुधा चिकोरीवालीच कॉफी आवडत असेल. तर ताई, चिकोरीचे खडे ग्राइंडरमध्ये कधीही घालू नका. भाजलेली चिकोरी हवेतली ओल शोषते आणि चिकट होते. मी श्रावणात ही चूक केली. दातांमध्ये गुळासारखा थर बसला, टूथपिकने कोरून काढायला अख्खी दुपार गेली. चिकोरी पूड म्हणून वेगळी आणा, दळल्यावर चमच्याने मिसळा. ८० भाग कॉफी, २० भाग चिकोरी इथून सुरुवात करा.

रामबागची_सून · ३.१०
अगदी बरोबर ओळखलंत. बाबा चिकोरी घालतात, पण रविवारी नाही. रविवारी नुसती पीबेरी.

शिप्राकाठ · ३.३४
वा! बाबांना नमस्कार सांगा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉफीच्या फळात बहुधा दोन बिया असतात, एकमेकींना टेकून, म्हणून त्यांची एक बाजू सपाट. कधी कधी एकच बी वाढते आणि वाटाण्यासारखी गोल होते, ती पीबेरी. गोल असल्याने भाजताना सगळीकडून सारखी भाजते असं दाणे भाजणारे सांगतात.

लष्करकर · ४.००
दाणे तुम्ही सगळे आणता कुठून? इथे तर मॉलमध्ये सहा महिन्यांपूर्वीची पाकिटं असतात.

शिप्राकाठ · ४.२१
चिकमंगळूर किंवा कोडगूच्या भाजणाऱ्यांकडून टपालाने. परंपरा सांगते की सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणल्या आणि चिकमंगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २०१९ मध्ये बाबाबुडनगिरी, चिकमंगळूर, कोडगू, अराकू खोरं आणि वायनाड इथल्या कॉफीला भौगोलिक मानांकन मिळालं. पाकिटावर "भाजल्याची तारीख" बघा, "वापरा अमुकपर्यंत" नाही. अख्खा दाणा नीट बंद असेल तर तीन-चार आठवडे छान राहतो. दळलेली पूड मात्र तासागणिक उतरते, कारण हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. घरी ग्राइंडर ठेवण्याचं खरं कारण हेच आहे. आणि दाणे फ्रिजमध्ये ठेवू नका. डबा सारखा काढला-घातला की पाणी सुटतं, वर कालच्या भाजीचा वास लागतो.

जुनी_इंदूर · ५.५०
थोडं विषयांतर. माझी कॉफीशी ओळख इंडियन कॉफी हाऊसमध्ये झाली. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या, पहिली १९५७ मध्ये बंगळुरूत. वडील मला दर पगाराच्या दिवशी न्यायचे. पांढऱ्या फेट्यातला वाढपी माझ्यासमोरही मोठ्या माणसाइतकाच अदबीने कप ठेवायचा. मी नऊ वर्षांची होते. कॉफी कडू लागली होती, पण मी सगळी प्यायले.

इंदूरी_आत्या · ६.०२
अगदी डोळ्यांपुढे आलं गं.

सकाळची_पाळी · रात्री ८.१५
भरडधान्य यांचं ऐकून आज चाळून बघितलं. तीन ढीग पडले. मधल्या ढिगाचीच कॉफी केली. बायकोने विचारलं, दाणे बदललेत का? बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. माझं आधीचं मत मी मागे घेतो.

भरडधान्य · ८.२०
हे वाचून फार आनंद झाला दादा.

मोटरवाले_काका · ८.४४
तरी पात्याचाच वापरायचा असेल त्यांच्यासाठी सांगतो: बटण दोन सेकंद दाबा, सोडा, यंत्र हातात धरून हलवा, परत दोन सेकंद. असं आठ-दहा वेळा. सलग चालवण्यापेक्षा खूप फरक पडतो आणि मोटरही तापत नाही.

शिप्राकाठ · ९.१०
एक गोष्ट माळव्यातल्या थंडीची. डिसेंबरात हवा कोरडी असते आणि दळताना स्थिर विद्युत तयार होते. झाकण उघडलं की पूड बाहेर उडते, कोंडा डब्याच्या काठाला, हाताला, स्वेटरला चिकटतो. उपाय साधा आहे. चमच्याचा दांडा पाण्यात बुडवा, झटका आणि जो एखादा थेंब राहील त्याने दाणे ढवळा, मग दळा. ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून दाखवलं: दाण्यात ओल कमी तितका विद्युतभार जास्त, आणि थोडं पाणी लावलं की तो बराच उतरतो.

मोटरवाले_काका · ९.२५
मला हे पटत नाही. पोलादी दात, त्यात पाणी? गंज चढेल. धुवायलासुद्धा मी मनाई करतो, फक्त ब्रश.

शिप्राकाठ · ९.३१
काका, धुवायचं नाही यावर आपण एकच आहोत. पण २० ग्रॅमला एक थेंब, तोही दाण्यावर. तो दाण्यात मुरतो, दातापर्यंत मोकळं पाणी जात नाही. मी चार हिवाळे करतोय, दात कोरडे आहेत.

मोटरवाले_काका · ९.४०
एक थेंब असेल तर हरकत नाही. पण दोन चमचे घालणारे लोक मी पाहिलेत.

इंदूरी_आत्या · ९.५५
साफसफाईचं राहिलं. आम्ही पात्याच्या ग्राइंडरमध्ये महिन्यातून एकदा मूठभर कोरडे जाडे पोहे फिरवतो. पोहे तेल ओढून घेतात, मग कोरड्या फडक्याने पुसायचं. प्लग आधी काढायचा, हे सांगायला नकोच, तरी सांगते.

सकाळची_पाळी · १०.००
इंदूर आहे, पोहे येणारच होते धाग्यात! आत्या, पोह्यांवरचा जिरावण मसाला नका घालू फक्त.

भरडधान्य · १०.१२
तांदूळ मात्र जात्याच्या ग्राइंडरमध्ये घालू नका. कच्चा तांदूळ कडक असतो, छोट्या मोटरला झेपत नाही. मी पोहेही घालत नाही, वरचा शंकू काढून ब्रशने झाडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दाणे ताटात पसरून निवडा. मी एकदा सुट्या विकत मिळणाऱ्या दाण्यांतून मुगाएवढा खडा आत जाऊ दिला. कट्ट असा आवाज, मोटर अडली, आणि कड्याच्या तीन दातांची टोकं उडाली. जुन्या जात्याला टाकी लावून घ्यायची सोय होती. याला नाही, अख्खं कडं बदलावं लागलं आणि सुटा भाग यायला दोन महिने गेले. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला विचारा, दातांचे सुटे भाग मिळतात का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान बघा.

दांडियाबाजार · १०.३०
फट बारीक करायची असेल तर यंत्र चालू असतानाच बाहेरची, फट ठरवणारी आकड्यांची चकती फिरवा. बंद असताना आत अडकलेले दाणे चेपले जातात आणि चकती जाम होते.

रामबागची_सून · बुधवार, सकाळी ७.२०
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी. बाबांना रात्री पूर्ण धागा वाचून दाखवला. निवडण्याच्या मुद्द्यावर ते एकदम खूश, म्हणाले, "ते काम माझं." आवाजाचं मात्र अजून अडतंय.

लष्करकर · ७.४५
रात्री नऊला दळा आणि लगेच काढा लावून ठेवा. सकाळी फक्त दूध तापवायचं. दक्षिणेत कितीतरी घरी असंच करतात.

रामबागची_सून · ७.५८
विचारलं. म्हणाले, पहाटेचा काढा तो पहाटेचा.

मोटरवाले_काका · ८.१०
पात्याचा आवाज कर्कश पण दहा-वीस सेकंदांचा. जात्याचा खालच्या सुरातला, घरघर, पण दुप्पट वेळ चालतो. बाळं कर्कश आवाजाने दचकतात, घरघरीने सहसा नाही. खाली जाड टॉवेलची घडी घाला, ओट्याचा दगड आवाज वाढवतो. हवा खेळायची छिद्रं मात्र टॉवेलने झाकू नका.

रामबागची_सून · पुढचा रविवार, सकाळी ८.३०
घेतला! शंकूच्या जात्याचा, २३० व्होल्टचा, सुटे भाग मिळतात याची लेखी खात्री करून. बटण मोठं आहे, तळव्याने दाबता येतं, अंगठा लागत नाही. दुकानात मी बाकी सगळं नंतर पाहिलं, आधी हेच पाहिलं.

पहिले तीन दिवस गोंधळ होता. पहिल्या दिवशी फार बारीक, काढा उतरेचना, बाबा फिल्टरला कान लावून बसले होते. दुसऱ्या दिवशी जाड, पाणी सरळ खाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या ग्राइंडरमध्ये चार दाणे दळून ते वर्तमानपत्रावर पसरले आणि शेजारी नव्याचं दळण टाकून, चष्मा वर करून, दोन्ही चिमटीत चोळून पाहिलं. मग चकती दोन घरं सरकवली आणि तिथे पेन्सिलने रेघ मारली. तेव्हापासून रोज १८ मिनिटांत काढा उतरतो.

आवाजाचा उपाय त्यांनीच काढला. मागच्या ओसरीत वॉशिंग मशीनचा प्लग आहे. तिथे दळतात, दार ओढून घेऊन. बाळ एकदाही उठलं नाही. आज पीबेरीचा वार होता. मी साडेपाचला उठले तर ओसरीत बाबा ताटात दाणे निवडत बसले होते आणि माझा कप आधीच काढून ठेवला होता.

शिप्राकाठ · ९.०२
ताई, फार सुंदर. जुना बिडाचा ग्राइंडर द्यायचा असेल तर मला सांगा, मी घेऊन जातो.

रामबागची_सून · ९.१५
नाही हो, तो नाही द्यायचा. त्यात आता मिरे भरडणार आहोत, ते काम जावेने घेतलंय. टेबलाच्या कडेला स्क्रूचा खड्डा पडलाय, तिथेच तो लावलेला आहे.